मामूंना औषधानं मारलं नाही

मामूंच्या जियारतीला आमच्या घरी वीस-पंचवीस माणसं बसली होती. कुरआनखानी झाली, दुआ झाली, चहा फिरला. मग मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणाले, "कॅन्सरनं नाही गेला तो. केमोनं खाल्लं बघ माणसाला." दहा-बारा माना हलल्या. कुणीतरी त्याच्या चुलत्याचं सांगितलं, कुणी शेजारणीचं. चहा संपेपर्यंत निकाल लागला होता. आरोपी एक इंजेक्शन, साक्षीदार सगळा मोहल्ला.

मीही तिथे होतो आणि गप्प बसलो. मयताच्या घरी वाद घालू नये, एवढं शिकवलेलं आहे. पण त्यानंतर हेच वाक्य मी एवढ्या घरांत ऐकलं की आता गप्प बसणं गुन्हा वाटतो. म्हणून लिहितोय. मामूंना औषधानं मारलं नाही. कशानं मारलं, तेही सांगतो. त्यात माझंही नाव येईल.

मामू उद्यमनगरात लेथवर काम करायचे. विसाव्या वर्षापासून तोंडात मावा. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या कागदात रगडून केलेली ती गोळी गालात ठेवली की त्यांची शिफ्ट सुरू व्हायची. चोपन्नाव्या वर्षी गालाच्या आत जखम झाली आणि ती भरेना. दाताचं दुखणं समजून चार महिने गेले. २०१९ च्या मार्चमध्ये ऑपरेशन झालं. गाठ गालातून मानेतल्या गाठींपर्यंत गेली होती आणि एका गाठीचं कवच फोडून बाहेर आली होती. अशा वेळी नुसतं ऑपरेशन पुरत नाही. सहा आठवडे रेडिएशन आणि त्याच्या जोडीला सिस्प्लॅटिन नावाचं इंजेक्शन, तीन आठवड्यांच्या अंतरानं तीनदा, असं ठरलं. पहिला डोस २९ एप्रिलला झाला.

आता हे सिस्प्लॅटिन काय आहे, ते आधी नीट समजून घेऊ. कारण ज्याला शिव्या द्यायच्या, त्याची ओळख तरी असावी.

नावातच प्लॅटिनम आहे. हा प्लॅटिनम धातूचा एक क्षार. एकोणिसाव्या शतकापासून रसायनशास्त्रज्ञांना माहीत होता, पण तो औषध आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. १९६५ च्या सुमाराला अमेरिकेत मिशिगनच्या विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग नावाचा शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होता. वीज सोडायला त्यानं प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरल्या. जिवाणू मेले नाहीत, पण त्यांची विभागणी थांबली आणि ते लांबच लांब दोऱ्यांसारखे वाढत गेले. शोध घेतल्यावर कळलं की ही करामत विजेची नाही, पट्टीतून सुटलेल्या प्लॅटिनमची आहे. जे जिवाणूची विभागणी थांबवतं, ते कॅन्सरच्या पेशीची का थांबवणार नाही? या एका प्रश्नातून हे औषध आलं. १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते पेशीच्या डीएनएला चिकटतं, त्याचे धागे एकमेकांना बांधून टाकतं. पेशीला स्वतःची नक्कल काढता येत नाही आणि ती मरते.

अंडकोषाचा कॅन्सर शरीरभर पसरला की एके काळी तरुण पोरं हमखास दगावायची. या औषधानं त्यातली बहुतेक पोरं पूर्ण बरी होऊ लागली. अंडाशय, फुप्फुस, मूत्राशय, गर्भाशयाचं तोंड, डोकं-मान, एवढ्या ठिकाणी ते आजही वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि आपल्या सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. आणि ते महागही नाही. ज्या इंजेक्शनला आम्ही 'श्रीमंतांचा खेळ' म्हणतो, त्याची बाटली काही शे रुपयांत येते.

"हे सगळं गोऱ्यांवर तपासलेलं, आपल्या माणसाला सोसत नाही." हा दुसरा लाडका आक्षेप. त्यालाही उत्तर आपल्याच राज्यात आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्री बसून, फायलीची पिशवी छातीशी धरून कोल्हापूरची माणसं ज्या परळच्या टाटा हॉस्पिटलला जातात, तिथल्या डॉक्टरांनी हेच प्रश्न आपल्याच माणसांवर तपासले. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर तिसऱ्या टप्प्यात गेलेल्या ८५० बायकांची त्यांनी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला नुसतं रेडिएशन, दुसऱ्याला रेडिएशन आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिन. पाच वर्षांनी पहिल्या गटातल्या शंभरातल्या ४६ जिवंत होत्या, दुसऱ्या गटातल्या ५४. हा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी तोंडा-घशाच्या कॅन्सरवरचा त्यांचा दुसरा अभ्यास आला. ३०० रुग्ण. प्रश्न साधा होता: तीन आठवड्यांनी एकदा मोठा डोस द्यायचा, की दर आठवड्याला छोटा? छोटा डोस सोसायला सोपा, म्हणून आपल्याकडे तोच चालायचा. निष्कर्ष असा निघाला की मोठ्या डोसवर दोन वर्षांनी शंभरातल्या ७३ जणांचा आजार त्या जागी काबूत होता, छोट्यावर ५८ ते ५९ जणांचा. पण मोठ्या डोसची किंमतही त्यांनी लपवली नाही. गंभीर त्रास मोठ्या डोसवर शंभरात ८५ जणांना झाला, छोट्यावर ७२ जणांना. पुढे २०२२ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं की ऑपरेशननंतर दर आठवड्याचा डोस थोडा वाढवून दिला, तर तोही मोठ्या डोसच्या तोडीस उतरतो. म्हणजे शहाणपण अजून घडतंय. कुठला डोस कुणाला, हे डॉक्टरनं माणूस बघून ठरवायचं. पण कुणी तरी बसून मोजलं, हा मुद्दा आहे. जियारतीच्या बैठकीत आम्ही काय मोजलं होतं?

आता दुसरी बाजू. केमो म्हणजे विष, असं म्हणतात. मी म्हणतो, होय, विषच आहे. सिस्प्लॅटिनचं तर निःसंशय. म्हणून तर ते माणसाची उंची-वजन घेऊन, अंगाचा पृष्ठभाग काढून, मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. मोजण्यात चूक झाली आणि डोस जास्त गेला तर माणूस दगावतो, असं जगात घडलेलं आहे. म्हणून चांगल्या वॉर्डात दोन माणसं दोनदा तपासल्याशिवाय बाटली लावत नाहीत. तुमच्या माणसाची बाटली लावताना नाव, औषध आणि डोस मोठ्यानं वाचून दाखवा म्हणून सांगा. तो तुमचा हक्क आहे, कुणी रागावलं तरी.

त्याचे त्रास सांगतो, कारण लपवण्यानंच अफवा वाढतात.

पहिला त्रास ओकारीचा. सिस्प्लॅटिन हे सगळ्यात जास्त ओकारी आणणाऱ्या औषधांपैकी एक. ती पहिल्याच दिवशी येते असं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, माणूस घरी आल्यावर जोर धरते. पण तिच्यावर आज उत्तम गोळ्या आहेत. ओलान्झापीन नावाची गोळी यात चांगली चालते, आणि तिच्या १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅमनं तेवढंच काम होतं, झोप कमी येते, हेही टाटाच्याच डॉक्टरांनी दाखवून दिलं. "केमो घेतली की ओकायचंच" हे नशीब मानून बसलेल्या घरांना एवढं एक वाक्य कुणी सांगितलं तरी पुष्कळ.

दुसरा त्रास कानाचा. कानात शिटी वाजल्यासारखं होतं, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात आणि गेलेलं ऐकू येणं सहसा परत येत नाही. म्हणून सुरुवातीला कानाची तपासणी करून घ्यावी आणि शिटी वाजू लागली की पुढच्या डोसाआधी सांगावं. हातापायाला मुंग्या येतात, तेही सांगावं. तिसरा, पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा दिवसांत १००.४ डिग्रीचा ताप म्हणजे घरात क्रोसिन घेऊन झोपायचा ताप नाही. रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं.

आणि चौथा, सगळ्यात मोठा, किडनीचा. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं आणि जाता जाता किडनीच्या बारीक नळ्यांत साठतं. तिथून ते धुऊन काढायला पाणी लागतं. डोसाच्या आधी आणि नंतर लिटर-लिटर सलाईन त्यासाठीच असतं. पण हॉस्पिटलचं सलाईन एका दिवसाचं. पुढचे दिवस घरच्या तांब्याचे. रोज दोन-तीन लिटर पाणी, आणि ओकारीमुळं पाणी पोटात टिकत नसेल तर घरी न थांबता परत जाऊन सलाईन. त्या काळात डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या नाहीत, कारण त्याही किडनीवरच बसतात.

आता मे २०१९.

७ मेला रमजान सुरू झाला. मामूंच्या पहिल्या डोसाला आठ दिवस झाले होते. ओकारी कमी झाली होती, पण रेडिएशननं तोंड सोलवटलं होतं. मामू म्हणाले, "आजारी म्हणून रोजे सोडले तर अल्लाहला काय तोंड दाखवू? जितके होतील तितके करणार." कोल्हापूरचा मे महिना. सेहरीपासून इफ्तारपर्यंत चौदा तासांहून जास्त. पाण्याचा थेंब नाही. तोंडाचं दुखणं सोसवेना म्हणून रात्री मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी.

आणि आम्ही काय केलं? आम्ही कौतुक केलं. मशिदीत त्यांचं उदाहरण दिलं गेलं. "कॅन्सरवालासुद्धा रोजा ठेवतोय, आणि तुम्ही धडधाकट पोरं टपरीवर चहा पिताय!" एका इफ्तारला मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. खजूर चावता येत नव्हता म्हणून ते तो दुधात कुस्करून घेत होते. मी त्यांचा हात दाबला आणि म्हणालो, "माशाअल्लाह, मामू." तो हात दाबल्याचं मला आजही आठवतं. मी शिकलेला माणूस. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत 'भरपूर द्रव पदार्थ घ्यावेत' अशा अर्थाची ओळ होती. ती मी वाचली होती.

२० मेला दुसरा डोस होता. त्या सकाळच्या तपासणीत क्रिएटिनिन ३ च्या वर निघालं. एप्रिलमध्ये ते ०.९ होतं. इंजेक्शन थांबलं, मामू किडनीसाठी भरती झाले. रेडिएशनच्या ३० फेऱ्यांपैकी १५ झाल्या होत्या. सहा दिवसांनी ते घरी आले ते ठरवूनच आले की आता बास. डॉक्टरांनी समजावलं, निदान रेडिएशन तरी पूर्ण करा. पण मोहल्ल्यानं आधीच निदान केलं होतं: इंजेक्शननं किडनी खाल्ली. मग कुणीतरी एका पुडीवाल्याचा पत्ता दिला. महिन्याला साडेसात हजारांची पूड. त्यात काय आहे, त्यानं किती बरे झाले, किती मेले, हे कुणी विचारलं नाही. जे औषध तीनशे माणसांवर मोजून दिलं त्याच्यावर संशय, आणि जी पूड कुणावरच मोजली नाही तिच्यावर ईमान. थंडीत मानेत गाठ परत आली. फेब्रुवारीत मामू गेले.

उपचार पूर्ण झाले असते तर मामू वाचलेच असते, असं मी शपथेवर सांगणार नाही. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनला केमोची जोड दिल्यानं पाच वर्षांनी शंभरात साधारण सहा-सात माणसं जास्त जिवंत राहतात, एवढाच या जोडीचा खरा हिशेब आहे. सहा-सात म्हणजे कमी वाटतं का? आमच्या गल्लीतली तेवढी घरं मोजून बघा. आणि मामूंचं तर रेडिएशनही निम्म्यावर तुटलं होतं. त्यांना ती संधी होती, आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून काढून घेतली.

आता मजहबचं बोलू, कारण रोजा मध्ये आला आहे. आजाऱ्याला आणि मुसाफिराला रोज्याची सूट खुद्द कुरआनात आहे. ते दिवस नंतर भरून काढायचे, आणि बरं होण्याची आशाच नसेल तर दर रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं. ही कुणा सुधारकानं काढलेली पळवाट नाही. मदरशातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे पाठ असतं. प्रत्येक आजारावर दवा आहे, असं सांगणारा पैगंबर आमचा. मग मामूंना एकही माणूस का म्हणाला नाही की, मामू, तुमच्यासाठी पाणी पिणं हीच इबादत आहे? सलाईन लावल्यानं रोजा तुटतो की नाही, यावर आमच्याकडे दोन तास वाद रंगतो. पाणी न मिळाल्यानं किडनी तुटते, यावर दोन मिनिटं कुणी बोलत नाही. अल्लाहनं दिलेली सूट नाकारणं याला आम्ही धार्मिकता समजतो. मला तो अहंकार वाटतो, आणि तो बहुतेक वेळा आजाऱ्याचा नसून टाळ्या वाजवणाऱ्यांचा असतो.

पण सगळा दोष मोहल्ल्यावर टाकून डॉक्टरांना मी सोडणार नाही. मामूंचं नाव फायलीवर होतं. रमजान आठवड्यावर आला होता, कॅलेंडरवर लाल अक्षरात. एकाही माणसानं विचारलं नाही, "चाचा, रोजे ठेवणार का?" पाण्याची सूचना इंग्रजीत, तीही एका ओळीत. किती पाणी, किती दिवस, लघवी किती वेळा व्हायला हवी, कुठली गोळी घ्यायची नाही, काहीच मराठीत लिहिलेलं नाही. ज्याचं शिक्षण सातवी, ज्याचं आयुष्य लेथवर गेलं, त्याच्या हातात तो कागद दिला आणि आपलं काम झालं असं समजून घेतलं. एक प्रश्न आणि मराठीतला एक कागद. याला ना परदेशी यंत्र लागतं, ना जास्त पैसे. एकादशी धरणाऱ्या, नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्या माझ्या हिंदू भावाबहिणींनाही हाच प्रश्न विचारायला हवा. उपास कुणाचाही असो, किडनी जात बघत नाही.

लोक म्हणतात, हॉस्पिटलं लुटतात. लुटणारी आहेतच, मी पाहिली आहेत. पण त्याचं उत्तर उपचार सोडणं हे नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशन, रेडिएशन, केमो आहे. मामूंच्या वेळी ती दीड लाखांपर्यंत होती. आता मर्यादा पाच लाखांची आहे आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ती खुली केली आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. रेशनकार्ड, आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा. दागिने मोडायला सराफाकडे नंतर.

आणि किडनी ज्यांना पहिल्यापासूनच अधू आहे, कान गेलेले आहेत, ज्यांना सिस्प्लॅटिन सोसणारच नाही, त्यांच्यासाठीही दार बंद नाही. टाटाच्या डॉक्टरांनी अशा ३५६ रुग्णांवर रेडिएशनसोबत डोसेटॅक्सेल हे दुसरं औषध वापरून पाहिलं. नुसत्या रेडिएशनवर दोन वर्षांनी शंभरातले ४२ जिवंत होते, डोसेटॅक्सेलच्या जोडीनं ५१. हा अभ्यास मामूंच्या नंतर आला. पण आज तुमच्या घरात मामू असतील, तर डॉक्टरला विचारा: हे सोसणार नसेल तर दुसरं काय?

घरात केमोचा रुग्ण असेल तर आणखी दोन-तीन गोष्टी, ज्या मला कुणी सांगितल्या नाहीत. सिस्प्लॅटिनची बाटली बर्फाच्या डब्यात घालून पळायची गरज नाही. उलट फ्रिजमध्ये ठेवली तर औषधाचे खडे बनतात. सगळ्या औषधांचा नियम सारखा नसतो, दुकानदाराला विचारून घ्या. डोस झाल्यावर दोन दिवस रुग्णाची लघवी, ओकारी साफ करताना हातमोजे घाला, पाणी भरपूर टाका आणि घरात पोटुशी बाई असेल तर हे काम तिला देऊ नका. पण रुग्णाला वाळीत टाकू नका. त्याच्या शेजारी बसा, त्याचा हात धरा. कॅन्सर लागट नाही.

शेवटचं. जियारतीच्या त्या बैठकीत केमोला शिव्या देऊन झाल्यावर दोन जण उठून बाहेर गेले, ते मावा खायला. मी दारातून बघत होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. बंदी कागदावर आणि पुडी टपरीवर. तंबाखू आमच्याच शेजारच्या निपाणीच्या रानात पिकतो, त्यामुळे त्यातलं काहीच आम्हाला परकं वाटत नाही. "मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो," म्हणणारे नमाजी लोकही भेटतात. सुपारी एकटीच कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलं आहे. आमच्या लग्नांत अजूनही तबकातून गोड सुपारी फिरते, आणि ती पोरंही उचलतात. औषधाच्या कॅप्सूलमधलं जिलेटिन हलाल आहे का, हे विचारायला आमच्याकडे वेळ आहे. चौतीस वर्षं गालात धरलेल्या माव्याचं काय, हे कुठल्या जुम्म्याच्या खुतब्यात मी ऐकलेलं नाही.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. येत्या रमजानच्या आधीच्या जुम्म्याला, कोल्हापूरच्या प्रत्येक मशिदीत इमामसाहेबांनी पाच मिनिटं द्यावीत. तीन वाक्यं बोलावीत. केमो चालू आहे त्यानं रोजा ठेवू नये, आणि डॉक्टरला विचारून पाणी प्यावं. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर डॉक्टरला दाखवावी. आणि मशिदीच्या कोपऱ्यावरची माव्याची टपरी आपल्याच गिऱ्हाइकीवर चालते.

पहिलं वाक्य त्या वर्षी कुणी बोललं असतं, तर मामूंनी ऐकलं असतं. माझं नसतं ऐकलं, इमामसाहेबांचं ऐकलं असतं. मला मात्र त्या इफ्तारला एकच गोष्ट करता आली असती. त्यांचा हात दाबून माशाअल्लाह म्हणण्याऐवजी, दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता जाऊन त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायचा. आणि ते पिईपर्यंत तिथून हलायचं नाही.